ओठावरचे तापाचे फोड आणि दुकानातून आणलेले मलम

आरोग्यविषयक लेख म्हटला की मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग असे मोठे विषय डोळ्यांसमोर येतात, आणि ते यायलाच हवेत. या खेपेस मात्र आम्ही मुद्दाम एक लहान विषय निवडला आहे. ताप येऊन गेला किंवा परीक्षेची जागरणे झाली की पुष्कळांच्या ओठाच्या कडेला बारीक, पाणीदार फोडांचा पुंजका उठतो. बहुतेक घरांत त्यांना तापाचे फोड म्हणतात. त्यासाठी सहसा कोणी डॉक्टरांकडे जात नाही. औषधाच्या दुकानात जाऊन ओठाकडे बोट दाखवायचे आणि दुकानदार देईल ती ट्यूब घेऊन यायचे, ही सर्वसाधारण रीत. पुढे दोन दिवसांत फोड वाढला, आग झाली, ओठाची साल निघाली, की "मलम बाधले" असे आपण म्हणतो. ते खरोखर बाधलेले असते काय? कधी असते, पुष्कळदा नसते. आणि ज्या ट्यूबने खरे नुकसान होते तिच्याबद्दल आपली काहीच तक्रार नसते, कारण तिने आरंभी बरे वाटते. हा उलटा प्रकार सभासदांना, आणि विशेषतः वसतिगृहात स्वतःच स्वतःचे डॉक्टर होणाऱ्या विद्यार्थी मित्रांना, नीट कळावा एवढ्यासाठी हा लेख.

आजार कोणता आणि कोणता नव्हे

हे फोड हर्पिस सिंप्लेक्स नावाच्या विषाणूमुळे येतात. त्याच्या दोन प्रकारांपैकी ओठावर बहुधा पहिला प्रकार असतो. 'हर्पिस' हा शब्द कानी पडला की अनेकांचे चेहरे बदलतात. कुठेतरी वाचलेले असते की हा गुप्तरोग आहे, आणि मग ओठावर फोड घेऊन वर्गात बसलेल्या मुलीकडे किंवा मुलाकडे लोक नको त्या नजरेने पाहू लागतात. म्हणून येथे स्पष्टच लिहितो. ओठावरच्या फोडाचा विषाणू बहुतेकांना लहानपणीच मिळतो. घरातल्या कोणी मोठ्या माणसाने घेतलेला पापा किंवा लाळेचा संपर्क एवढे त्याला पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ५० वर्षांखालील दर तीन माणसांपैकी जवळजवळ दोघांच्या शरीरात हा पहिला प्रकार असतो. जगभरात ही संख्या ३७० कोटींच्या पुढे जाते. इतक्या लोकांच्या चारित्र्याचा पंचनामा कोण करणार? बहुतेकांना आयुष्यभर एकही फोड येत नाही, काहींना वरचेवर येतो, एवढाच फरक.

एकदा शिरलेला विषाणू शरीरातून जात नाही. चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारा जो मज्जातंतू आहे, त्याची एक गाठ कवटीच्या आत असते. तेथे हा विषाणू निपचित पडून राहतो. सर्दी-ताप, अपुरी झोप, मनाचा ताण, मासिक पाळी आणि कडक ऊन ही त्याला जागे करणारी नेहमीची कारणे. एप्रिलच्या उन्हात दिवसभर मिरवणुकीत चालल्यावर तिसऱ्या दिवशी ओठ उठला, तर त्यात नवल नाही. जागा झालेला विषाणू मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा ओठापर्यंत येतो, म्हणूनच फोड बहुतेक वेळा ठरलेल्या जागीच उठतो.

आता गफलत होते ती अशी. 'तोंड आले' म्हणतो ते वेगळे. त्यात गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या बाजूस पांढरट, दुखरे व्रण असतात आणि तो या विषाणूचा प्रकार नव्हे. ओठांचे दोन्ही कोपरे चिरतात तेही बहुधा निराळे. त्याला बुरशी, लोहाची किंवा ब जीवनसत्त्वाची कमतरता, कवळीची अडचण अशी कारणे असतात. या दोहोंवर विषाणूचे मलम चोळून गुण येत नाही आणि मग औषध खोटे ठरते. नागीण मात्र याच विषाणूच्या कुळातली आहे, पण तिचा विषाणू कांजिण्यांचा. तिला दुकानातल्या मलमाच्या भरवशावर न ठेवता लवकर डॉक्टरांना दाखवावे लागते.

खऱ्या तापाच्या फोडाचा क्रम ठरलेला असतो, आणि तो पाठ असणे फार उपयोगाचे आहे. आधी काही तास, कधी एखादा दिवस, ओठावर चुणचुण, खाज, ताणल्यासारखे वाटणे. मग लाली व उंचवटा. एक-दोन दिवसांत पाणीदार फोड. ते एकमेकांत मिसळून फुटतात, लस येते, आणि हाच काळ सर्वांत दुखरा. त्यानंतर पिवळसर-तपकिरी खपली धरते. ती हसताना, जेवताना तडकते, कधी रक्त येते. सात ते दहा दिवसांत सगळे आपोआप बरे होते आणि बहुधा डागही राहत नाही.

हा क्रम पाहिला की "मलम बाधले" या तक्रारीतली निम्मी गोष्ट उलगडते. माणूस मलम लावायला सुरुवात करतो ती चुणचुण किंवा लाली असताना. दुसऱ्या दिवशी फोड मोठा होतो, तिसऱ्या दिवशी फुटतो. मलम लावले नसते तरी हेच व्हायचे होते. पण मलम आधी लावले आणि फोड नंतर वाढला, म्हणून दोष मलमाकडे जातो. आधी घडले ते कारण आणि नंतर घडले तो परिणाम, असे मानण्याची माणसाच्या मनाची खोड जुनी आहे. तिच्यावर कितीतरी बुवा-मांत्रिकांची पोटे भरली आहेत.

मलमांची गोष्ट

या फोडांवर जी विषाणूविरोधी मलमे आहेत त्यांपैकी दोन विशेष प्रसिद्ध आहेत. पहिले असायक्लोव्हिर. आपल्याकडे औषधाच्या दुकानात याचेच ५ टक्क्यांचे मलम सहसा दिसते. ब्रिटनमध्ये ओठावरच्या फोडांसाठी हे मलम १९९३ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळू लागले. हे औषध ज्या संशोधन गटातून आले त्याच्याशी गर्ट्रूड एलियन या शास्त्रज्ञ स्त्रीचे नाव जोडलेले आहे. स्त्री म्हणून त्यांना तरुणपणी संशोधनाची संधी नाकारली गेली, डॉक्टरेट पूर्ण करता आली नाही, आणि तरीही १९८८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोघांबरोबर त्यांना मिळाले. विद्यार्थिनींनी हे नाव टिपून ठेवावे.

असायक्लोव्हिरची खुबी अशी की ते निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय असते. विषाणू ज्या पेशीत शिरला आहे तेथे विषाणूचेच एक विकर या औषधाला कामाला लावते आणि मग विषाणूच्या प्रती निघणे थांबते. शिवाय मलमातून ते रक्तात अगदी नगण्य प्रमाणात उतरते. गोळ्या घेताना मूत्रपिंडाची जी काळजी घ्यावी लागते ती मलमाला लागू होत नाही, ती याच कारणाने.

दुसरे डोकोसॅनॉल. हे अमेरिकेतील औषध. तेथील अन्न व औषध प्रशासनाने जुलै २००० मध्ये १० टक्क्यांच्या मलमाला मान्यता दिली, आणि तेही थेट चिठ्ठीविना विकण्यासाठी. 'अब्रीव्हा' या नावाने ते तेथे घराघरांत माहीत आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले वा नातलग तिकडे आहेत त्यांच्या औषधांच्या डब्यात ही लहानशी ट्यूब येऊन पडलेली असू शकते. डोकोसॅनॉल हे बावीस कार्बन अणूंची साखळी असलेले, मेणासारखे अल्कोहोल आहे. ते विषाणूला मारत नाही; विषाणूचे आवरण आणि आपल्या पेशीचे आवरण यांचा मिलाफ होऊ देत नाही, म्हणजे दारातच अडवते. अर्थात आत शिरलेल्या विषाणूवर त्याचा इलाज नाही, म्हणून ते पहिल्या चुणचुणीलाच लावायचे असते. बारा वर्षांवरील व्यक्तींनी, दिवसातून पाच वेळा, बरे होईपर्यंत आणि जास्तीत जास्त दहा दिवस, असे त्याच्या वेष्टनावर लिहिलेले असते.

गुण किती? येथे जाहिरात आणि सत्य यांत बरेच अंतर आहे. डोकोसॅनॉलच्या मुख्य चाचण्यांत सातशेहून अधिक रुग्ण होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषध नसलेले मलम, आणि कोणाला काय मिळाले ते रुग्णाला वा तपासणाऱ्याला ठाऊक नाही. चाचणीतल्या मोजणीप्रमाणे औषधवाल्यांना बरे व्हायला मध्यमानाने ४.१ दिवस लागले, बिनऔषधवाल्यांना ४.८ दिवस. फरक सुमारे १८ तासांचा. असायक्लोव्हिर मलमाच्या मोठ्या चाचण्यांतही फरक साधारण अर्ध्या दिवसाचाच निघाला. आम्हांला हे आकडे वाचकांपुढे ठेवणे आवश्यक वाटते, कारण लाभ इतका मोजका असेल तर त्यासाठी त्रास किती सोसायचा हा हिशेब ज्याचा त्याने करता आला पाहिजे. ज्याला वर्षातून एकदा लहानसा फोड येतो त्याने काहीही न लावता, जागा स्वच्छ ठेवून, वर थोडे साधे पेट्रोलियम जेली लावून आठवडा काढला तरी त्यात अडाणीपणा मुळीच नाही.

दुष्परिणाम 'नोंदले गेले' म्हणजे काय

डोकोसॅनॉलच्या माहितीपत्रकात दुष्परिणामांत सर्वांत वर डोकेदुखी आढळते. चाचण्यांत औषध लावणाऱ्या शंभरातील साधारण दहा जणांनी डोके दुखल्याचे सांगितले. ओठाला लावायचे मलम आणि दहा टक्के लोकांचे डोके दुखते, हे वाचून कोणीही ट्यूब बाजूला ठेवील. पण त्याच चाचणीत, ज्यांच्या मलमात औषधच नव्हते त्यांच्यातही साधारण तितक्याच, शंभरातील दहा-अकरा जणांनी डोकेदुखी सांगितली. म्हणजे डोकेदुखी नोंदली गेली हे खरे, ती मलमाने झाली असे मात्र ठरत नाही. ज्याला फोड आला आहे त्याला मुळात सर्दी-ताप असतो, झोप झालेली नसते, उन्हात फिरणे झालेले असते. डोके दुखायला एवढी कारणे पुरेशी आहेत. ट्यूब लावलेल्या जागी जळजळ, लाली वगैरे तक्रारी औषधवाल्यांत शंभरातील सुमारे तिघांना होत्या, आणि दुसऱ्या गटात सुमारे दोघा-तिघांना.

हा मुद्दा आम्ही लांबवीत आहोत तो हेतुपुरस्सर. औषधाच्या पत्रकात छापलेली दुष्परिणामांची यादी ही पुष्कळदा कोणी काय काय सांगितले त्याची यादी असते. चाचणीत निदान दुसरा गट तुलनेला असतो. औषध बाजारात आल्यावर लोक आणि डॉक्टर जे आपणहून कळवितात, त्याला असा दुसरा गटही नसतो. किती लोकांनी औषध वापरले त्याचा नक्की आकडा नसतो, त्याच सुमारास रुग्ण आणखी काय घेत होता हे धड ठाऊक नसते, आणि त्रास होऊनही न कळविणारे तर असंख्य असतात. तरीही अशा नोंदी अत्यंत मोलाच्या आहेत. हजारात किंवा लाखात एखाद्याला होणारा गंभीर त्रास सातशे माणसांच्या चाचणीत दिसत नाही. तो अशा नोंदींतूनच उजेडात येतो. नोंद म्हणजे संशय, तपासाची सुरुवात. तिला निकाल समजून घाबरणे चूक आणि तिला गप्पा समजून झटकणेही चूक.

मग खरोखर मलमामुळेच काय होते?

असायक्लोव्हिरच्या मलमाने ओठ कोरडे पडणे, साल निघणे, भेगा, लावताच थोडी आग किंवा चुणचुण, खाज हे प्रकार नोंदले गेले आहेत. त्यांचे प्रमाण कमी आहे. अमेरिकेतल्या चाचण्यांत यांतली प्रत्येक तक्रार शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होती, आणि नुसता मलमाचा आधार लावणाऱ्यांतही ती तशीच आढळली. यावरून एक गोष्ट सुचते. दोष नेहमी औषधाचाच असतो असे नाही; औषध ज्यात कालवले आहे त्या आधाराचाही असू शकतो. दोन्ही मलमांच्या मूळ कृतींत प्रॉपिलिन ग्लायकॉल हा द्रव असतो. औषध त्वचेत शिरावे म्हणून तो घालतात, आणि फुटलेल्या फोडावर तो झोंबतो. असायक्लोव्हिरच्या मलमात सोडियम लॉरिल सल्फेटही असते, म्हणजे साबण-शांपूत फेस आणणारा पदार्थ. डोकोसॅनॉलच्या मलमात बेंझिल अल्कोहोल असते. कंपनीगणिक आधार बदलतो, म्हणून एका कंपनीची ट्यूब सोसत नाही आणि त्याच औषधाची दुसरी सोसते, असे घडते. नाजूक त्वचेच्या माणसाने ट्यूबवर औषधाच्या नावाखाली बारीक अक्षरांत काय छापले आहे तेही वाचावे.

साधी चुरचुर आणि ॲलर्जी यांत फरक आहे. चुरचुर लावताच होते, काही मिनिटांत शमते आणि जेथे लावले तेवढ्यापुरती असते. संपर्काची ॲलर्जी उशिरा येते, बहुधा एक ते तीन दिवसांनी, आणि त्यासाठी त्या पदार्थाशी शरीराची आधी ओळख झालेली असावी लागते. म्हणून "हे मलम मी तीनदा वापरले, काही झाले नाही" हा पुरावा ठरत नाही. चौथ्या खेपेस होऊ शकते. अशा ॲलर्जीची खूण म्हणजे दुखण्यापेक्षा खाज जास्त असते. लाली फोडाची हद्द सोडून जेथवर मलम पसरले तेथवर जाते, हनुवटीवर वा नाकाखाली बारीक पुरळ येतो. आणि मुख्य म्हणजे दिवस उलटतात तसा फोड सुकण्याऐवजी भोवतालची त्वचा अधिकच चिघळते. पाचव्या-सहाव्या दिवशी खपली धरायची वेळ असताना ओठाभोवती नवी लाली व खाज वाढत असेल, तर मलम थांबवावे. थांबविल्यावर उतार पडला तर संशय बळावतो. नक्की कोणता घटक ते त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासतात.

पित्त उठावे तसे अंगावर चट्टे येणे, चेहरा किंवा जीभ सुजणे, श्वास घेताना घरघर होणे, भोवळ येणे हे फार विरळ, पण डोकोसॅनॉलच्या वेष्टनावर त्याचा इशारा आहे. असे झाले तर विचार करीत बसू नये. तोंडावरचे मलम पुसून तडक रुग्णालय गाठावे.

बिनतक्रारीची ट्यूब

आता ज्या ट्यूबचा आम्ही आरंभी उल्लेख केला तिच्याकडे वळू. आपल्याकडे ओठाकडे बोट दाखविले की दर वेळी असायक्लोव्हिरच मिळते असे नाही. खाज, गजकर्ण, पुरळ, चट्टा सगळ्यांवर चालणारे म्हणून एक मिश्र मलम पुढे केले जाते. त्यात तीव्र स्टेरॉइड, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक असे तीन घटक एकत्र असतात. विषाणूवर यांतील एकाचाही उपयोग नाही. मात्र स्टेरॉइडने लाली, सूज, खाज झपाट्याने उतरते आणि दुकानदाराला दुवा मिळतो. आत काय होते? लाली आणि सूज ही विषाणूशी चाललेल्या झटापटीची खूण. स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्तीच दाबून टाकते. एकटे स्टेरॉइड लावल्याने विषाणूला रान मोकळे मिळते, फोड पसरू शकतो, लांबू शकतो. तोच प्रकार महिनोन्‌महिने चालला तर तोंडाभोवतीची त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमांसारखा पुरळ येतो. आणि लावणे थांबविले की सगळे दुपटीने उसळते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो.

या प्रकाराला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये त्वचेला लावायची चौदा स्टेरॉइडे 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकता येऊ नयेत. दुकानाच्या काउंटरवर हा नियम किती पाळला जातो ते वाचक जाणतातच. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसले तर ती तापाच्या फोडासाठी नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. (असायक्लोव्हिर आणि सौम्य हायड्रोकॉर्टिसोन एकत्र असलेले एक मलम २००९ पासून अमेरिकेत मान्य आहे, हे आम्हांला माहीत आहे. पण तेथे विषाणूविरोधी औषध बरोबर असते, आणि ते डॉक्टर ठरवितात. त्याचा दाखला देऊन दुकानदाराने तीन-घटकी ट्यूब विकावी, असा त्याचा अर्थ नव्हे.)

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. चुना, टूथपेस्ट, लिंबाचा रस, तुरटी यांनी फोड 'जळतो' असे म्हणतात. प्रत्यक्षात जळते ती त्वचा, आणि मग डाग राहतो किंवा पू होतो. बर्फाचा तुकडा स्वच्छ कापडात गुंडाळून धरला तर ठणका कमी होतो आणि त्यात धोका नाही. दुखू नये म्हणून बेंझोकेनसारखी बधिर करणारी जेल मिळते. ती लहान बालकांच्या तोंडाला कधीही लावू नये. तिच्यामुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती एकदम घटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दोन वर्षांखालील मुलांसाठी तिच्याविरुद्ध कडक इशारा दिला, तो जिवावर बेतलेल्या घटनांच्या नोंदी साठल्यावरच. वर नोंदींचे मोल सांगितले त्याचे हे उदाहरण.

मलम बोटाने चोळू नये. कापसाच्या बोळ्याने किंवा धुतलेल्या बोटाने टेकवावे, आणि आधी व नंतर हात धुवावेत. याचे कारण दुष्परिणामांशी नाही, तर डोळ्याशी आहे. फोडाला लावलेले बोट डोळ्यात गेले तर विषाणू बुबुळावर व्रण करू शकतो. डोळा लाल, दुखरा, उजेड सोसेना झाला, तर ओठाचे मलम डोळ्यात घालायचे नाही, आणि घरातले उरलेले थेंब तर मुळीच नाही. त्यांत स्टेरॉइड असले तर दृष्टी जाण्यापर्यंत पाळी येते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

आणि तान्हे बाळ. मोठ्यांना आठवडाभर त्रास देणारा हा विषाणू नवजात बालकाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतो आणि जीवघेणा ठरतो. ओठावर फोड असताना बारशाला गेलात तर दुरून कौतुक करा. बाळाचा पापा घेऊ नका. कोणी रागावले तर रागावू द्यावे. अंगावर जुनाट इसब असलेली मुले, कर्करोगावर उपचार घेणारे किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना फोड आला तर दुकानाची वाट न धरता डॉक्टरांकडे जावे. गरोदर स्त्रियांनीही मलम लावण्यापूर्वी विचारावे. इतरांनी दहा दिवसांत फोड बरा झाला नाही, वर्षातून सहा-सात वेळा येऊ लागला, किंवा फोडांबरोबर सडकून ताप व गिळता न येणे असे झाले, तर जावे. वरचेवर येणाऱ्यांसाठी डॉक्टर गोळ्यांचा विचार करतात, आणि त्यांचा गुण मलमापेक्षा चांगला येतो.

त्रास झाला तर कळवायचे कोठे

औषधाचा त्रास कळविण्याची सोय फक्त परदेशात आहे असा समज असेल तर तो सोडावा. भारतात २०१० साली औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे मध्यवर्ती केंद्र आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची उपकेंद्रे आहेत. सामान्य रुग्णासाठी वेगळा सोपा अर्ज आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा फुकट फोनही आहे. मलमासारख्या किरकोळ वस्तूची तक्रारही तेथे चालते. दोष औषधाचाच आहे हे आपण सिद्ध करायचे नसते. संशय पुरेसा आहे, तपासणे त्यांचे काम.

मात्र काही तपशील हाताशी हवा. चुणचुण कोणत्या दिवशी सुरू झाली, मलम कोणत्या दिवशी लावले, दिवसातून किती वेळा, त्रास कधी दिसला आणि मलम थांबविल्यावर काय झाले, हे तारखांसह कागदावर लिहावे. त्याच दिवसांत दुसरी कोणती औषधे किंवा घरगुती लेप चालू होते तेही, अगदी नवी लिपस्टिक वा नवी टूथपेस्टसुद्धा. औषधाचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख लागते. हे क्रमांक ट्यूबच्या शेपटीकडच्या दुमडीवर ठोकलेले असतात, आणि आपण काटकसरीने ट्यूब त्याच टोकाकडून गुंडाळत आणतो, तेव्हा ते चुरगळून वाचता येईनासे होतात. म्हणून ट्यूब संपेपर्यंत तिचा कागदी खोका जपून ठेवावा. त्यावर तेच क्रमांक छापलेले असतात.